कलकत्ता विद्यापीठाचा अडीच लाखांचा तंटा

लक्ष्मी आणि सरस्वती एका घरीं नांदत नाहींत, असें आपल्याकडे पूर्वापार म्हणत आले आहेत. विद्यापीठांचे इतिहास चाळूं लागलें म्हणजे या म्हणण्यांत थोडी दुरुस्ती करावीशी वाटते. त्या दोघी पुष्कळ वेळां गुण्यागोविंदानें नांदतात. तंटा लागतो तो लक्ष्मी ज्याच्या हातून यावयाची तो दाता आणि सरस्वतीचे पुजारी यांच्यांत. ज्यानें पैसा द्यावयाचा त्यानें हिशेब मागावा हें उघडच आहे. परंतु तो कोठपर्यंत मागावा, आणि हिशेब मागतां मागतां तो कारभाराच्या किल्ल्याच कनवटीस लावूं लागला तर शिक्षकांनीं काय करावें, हे प्रश्न सोपे नाहींत. १९२१ पासून १९२३ पर्यंत कलकत्त्याच्या विद्यापीठांत हे प्रश्न जितक्या निकरानें लढविले गेले तितके त्या काळीं हिंदुस्थानांत दुसरीकडे क्वचितच लढविले गेले असतील. सर आशुतोष मुकर्जी यांनीं बंगालच्या गव्हर्नरास दिलेलें करारी उत्तर पुष्कळांच्या ऐकिवांत आहे. त्या उत्तरामागचा जमाखर्च मात्र फारसा कोणी पाहत नाहीं, आणि तो पाहिल्यावांचून त्या उत्तराचें खरें मोल कळत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

हा जमाखर्च समजण्यास विद्यापीठाची घडण प्रथम पाहिली पाहिजे. १८५७ सालीं कलकत्ता, मुंबई व मद्रास येथें जीं तीन विद्यापीठें निघालीं तीं लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर निघालीं. म्हणजे त्यांनीं शिकवावयाचें नव्हतें, परीक्षा घ्यावयाच्या होत्या. शिकविण्याचें काम कॉलेजांचें. विद्यापीठाचें काम प्रश्नपत्रिका काढणें, उत्तरें तपासविणें, पदव्या देणें आणि फी जमा करणें. अशा संस्थेच्या पदरीं प्राध्यापक नसत, प्रयोगशाळा नसत, आणि म्हणून तूटही नसे. उमेदवार वाढले कीं उत्पन्न वाढे, खर्च त्या मानानें थोडाच वाढे. कलकत्त्याचें क्षेत्रही अफाट होतें. पंजाबचें विद्यापीठ १८८२ मध्यें आणि अलाहाबादचें १८८७ मध्यें निघेपर्यंत उत्तर हिंदुस्थानचा विद्यार्थी कलकत्त्याच्याच परीक्षांस बसे. त्यानंतरही बंगाल, बिहार, ओरिसा, आसाम आणि ब्रह्मदेश एवढा मुलूख तिच्याकडे उरला.

लॉर्ड कर्झन यांनीं १९०४ सालीं विद्यापीठांचा नवा कायदा केला. सेनेटचे सभासद जास्तींत जास्त शंभर असावे; त्यांपैकीं वीस निवडून यावे, बाकीचे चॅन्सेलरनें नेमावे; विद्यापीठानें केलेल्या नियमांस सरकारची मंजुरी लागावी; असा त्याचा साधारण आराखडा होता. आपले गोपाळराव गोखले यांनीं वरिष्ठ कायदेकौन्सिलांत या बिलास कसून विरोध केला. विद्यापीठ हें या कायद्यानें सरकारचें एक खातें होऊन बसेल, ही त्यांची भीति होती, आणि ती अनाठायीं नव्हती. परंतु कायदे करणाऱ्याच्या मनांतील हेतु आणि त्या कायद्यांतून प्रत्यक्ष निघणारें फळ यांचा मेळ नेहमींच बसतो असें नाहीं. त्याच कायद्यांत विद्यापीठांस स्वतः अध्यापन करण्याची व प्राध्यापक नेमण्याची मोकळीक होती. मुंबईनें हें कलम पुष्कळ वर्षें बासनांत बांधून ठेविलें. तेथें अर्थशास्त्र व समाजशास्त्र यांचा स्वतंत्र विभाग निघावयास १९१९ साल उजाडलें. कलकत्त्यास मात्र तें कलम वाचून त्याचा पुरेपूर उपयोग करणारा मनुष्य १९०६ मध्येंच व्हाइस-चॅन्सेलर झाला.

आशुतोष मुकर्जी हे मूळचे गणिती. १८६४ सालचा त्यांचा जन्म. गणितावर निबंध लिहीत असतांनाच ते वकिलींत शिरले आणि १९०४ मध्यें हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. व्हाइस-चॅन्सेलरचें काम त्या वेळीं बिनपगारी असे. दिवसा न्यायासनावर बसावें आणि उरलेला वेळ विद्यापीठास द्यावा, असा त्यांचा क्रम १९०६ पासून १९१४ पर्यंत सलग आठ वर्षें चालला. विद्यापीठ म्हणजे केवळ परीक्षांचा कारखाना राहूं नये, तेथें नवीन ज्ञान निर्माण व्हावें, हा ध्यास त्यांनीं घेतला आणि त्यासाठीं ते धनिकांच्या दारीं गेले. १९१२ मध्यें बॅरिस्टर तारकनाथ पालित यांनीं आपली जमीन व रोकड मिळून लाखों रुपयांची देणगी दिली. १९१३ मध्यें रासबिहारी घोष यांनीं दहा लाख दिले. या दोन देणग्यांवर सायन्स कॉलेज उभें राहिलें. दोन्ही दात्यांची एक अट सारखी होती: त्यांच्या देणगींतून निर्माण होणाऱ्या प्राध्यापकांच्या जागा हिंदी माणसांसच मिळाव्या. सरकारनें या कामास मोठ्या मनानें हातभार लाविला असें झालें नाहीं. तें या अटीमुळें झालें कीं आणखी कशामुळें, याचा तर्क वाचकांनींच करावा. सरकारचा हात दिसला तो निराळ्याच बाबतींत. १९१३ मध्यें विद्यापीठानें लेक्चरर म्हणून निवडलेल्या तीन विद्वानांस, अब्दुल रसूल, अब्दुल्ला सुऱ्हावर्दी व काशीप्रसाद जयस्वाल यांस, हिंदुस्थान सरकारनें राजकीय कारणांवरून मंजुरी नाकारली. सरकार पैसा देवो वा न देवो, नकाराचा अधिकार त्याच्यापाशीं होता.

पुढें १९१७ मध्यें जी व्यवस्था झाली ती या सगळ्या कथेचा कणा आहे. तोंपर्यंत एम्. ए. चें शिक्षण कांहीं कॉलेजांतून व कांहीं विद्यापीठांत, असें विस्कळित चाले. नव्या नियमांनीं कलकत्त्यांतील हें सर्व उच्च शिक्षण विद्यापीठाच्या हातीं आलें आणि त्याच्या कारभारासाठीं दोन मंडळें स्थापन झालीं: एक साहित्यादि शाखांचें, एक विज्ञानाचें. या मंडळांत जे शिकवीत तेच मुख्यतः सभासद. प्रत्येक विषयाचें एक अभ्यासमंडळ. त्यानें अभ्यासक्रम आंखावा, ग्रंथ सुचवावे, अध्यापनाची वांटणी करावी, शिक्षकांच्या व परीक्षकांच्या नेमणुकांविषयीं शिफारस करावी. तें सर्व कार्यकारी समितीकडे जावें, तेथून मंडळाकडे, आणि शेवटीं सेनेटकडे. प्रिन्सिपालनें हुकूम सोडावा आणि लेक्चररांनीं मान डोलवावी, किंवा डायरेक्टरच्या कचेरींतून लखोटा यावा आणि कॉलेजनें तो शिरसावंद्य मानावा, अशा वातावरणांत वाढलेल्या देशांत शिक्षकांनीं आपला कारभार आपण पाहावा ही गोष्ट लहान नव्हती. दोन्ही मंडळांचे अध्यक्ष सर आशुतोष. व्हाइस-चॅन्सेलरच्या खुर्चीवर मध्यंतरीं दुसरे गृहस्थ बसले तरी हें अध्यक्षपद त्यांच्याकडेच राहिलें.

या व्यवस्थेंत कोण कोण माणसें गोळा झालीं हें पाहिलें म्हणजे आजही मन थक्क होतें. चंद्रशेखर व्यंकट रामन हे सरकारी हिशेबखात्यांतील भरपगाराची जागा सोडून १९१७ मध्यें कमी पगाराच्या पालित प्राध्यापकाच्या जागेवर आले. प्रफुल्लचंद्र राय रसायनाचे पालित प्राध्यापक झाले, आणि १९२१ मध्यें वयास साठ वर्षें पूर्ण होतांच त्यांनीं पुढील सर्व पगार विद्यापीठास देऊन टाकिला. मेघनाद साहा व सत्येंद्रनाथ बोस हे तरुण लेक्चरर. आइन्स्टाइनच्या सापेक्षतेवरील मूळ निबंधांचें त्यांनीं केलेलें इंग्रजी भाषांतर विद्यापीठानेंच १९२० मध्यें छापलें. तत्त्वज्ञानाच्या जागेवर १९२१ मध्यें राधाकृष्णन् आले. खैऱ्याच्या राजघराण्याच्या देणगींतून निघालेल्या जागांवर भाषाशास्त्रांत सुनीतिकुमार चतर्जी आणि कलेंत अवनींद्रनाथ ठाकूर आले. आमच्या वाचकांस विशेष जवळचें नांव म्हणजे देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांचें. मुंबई विद्यापीठाचे एके काळचे व्हाइस-चॅन्सेलर डॉ. रामकृष्णपंत भांडारकर यांचे हे चिरंजीव. पुराणवस्तुसंशोधन खात्यांतून ते १९१७ मध्यें प्राचीन इतिहासाचे कार्मायकेल प्राध्यापक म्हणून कलकत्त्यास गेले आणि १९३६ पर्यंत तेथेंच राहिले. त्यांचीं व्याख्यानें आणि अशोकावरील ग्रंथ या काळांतले. प्राचीन हिंदुस्थानच्या इतिहासाचा एवढा मोठा अभ्यासक घडविला महाराष्ट्रानें आणि त्यास पीठ दिलें बंगालनें, हें आपण ध्यानांत ठेविलेलें बरें.

आतां जमाखर्चाकडे वळूं. या साऱ्या मंडळींचे पगार कोठून येत? देणग्यांच्या व्याजांतून कांहीं जागांचे येत, सरकारच्या जुन्या लहानसहान अनुदानांतून कांहीं थोड्यांचे येत. परंतु लेक्चररांचा मोठा समुदाय पोसला जाई तो परीक्षांच्या फीवर, आणि त्यांतही मुख्यतः मॅट्रिक्युलेशनच्या फीवर. १९१७ च्या नियमांनीं खालच्या परीक्षांच्या फीचा ठरावीक हिस्सा उच्च शिक्षणाच्या निधीकडे वळविला होता. म्हणजे असें कीं, मैमनसिंग वा बरद्वान जिल्ह्यांतील एखाद्या खेड्यांतला कारकून किंवा लहानसा कुळकर्णीवजा गृहस्थ बायकोचा दागिना गहाण ठेवून मुलाची मॅट्रिकची फी भरी, आणि त्या फीच्या एका अंशावर कलकत्त्यास पाली, तिबेटी किंवा उच्च गणित यांचें अध्यापन चाले. हें न्याय्य होतें काय? या प्रश्नास सरळ उत्तर देणें कठीण आहे. सरकार देत नाहीं आणि धनिक पुरेसें देत नाहींत तेव्हां जो देऊं शकतो त्याच्याकडून घ्यावें, असें त्यावर सर आशुतोषांच्या बाजूचें म्हणणें. परंतु या व्यवस्थेंत एक धोका होता आणि टीकाकारांनीं तो वारंवार बोलून दाखविला: ज्या संस्थेचें पोट उमेदवारांच्या संख्येवर भरतें ती संस्था परीक्षा अवघड कशी करील? मॅट्रिकचा दरवाजा सैल ठेवून एम्. ए. चा मनोरा उंच चढविला जात आहे, असा तो आरोप होता.

मनोरा उंच चढत असतांनाच पाया खचूं लागला. १९१७ मध्यें पाटण्यास निराळें विद्यापीठ झालें आणि बिहारचे उमेदवार गेले. १९२० मध्यें रंगून गेलें. १९२१ च्या जुलईंत ढाक्याचें विद्यापीठ उघडलें. तें जन्मतःच सरकारच्या मायेंत वाढणारें, आणि सत्येंद्रनाथ बोसांसारखे लेक्चरर तिकडे गेले. महायुद्धानंतरच्या महागाईनें कागदापासून कांचेच्या नळीपर्यंत सर्व वस्तूंचे भाव वाढविले. इतक्यांत १९२१ च्या आरंभीं असहकारितेची लाट आली. कलकत्त्याच्या विद्यार्थ्यांनीं वर्ग सोडले, परीक्षांवर बहिष्कार पडला आणि फीचें उत्पन्न खालीं आलें. मॅट्रिकवर उभारलेल्या अंदाजपत्रकास गांधींच्या चळवळीचा असा आडून धक्का बसेल, हें १९१७ मध्यें कोणाच्या स्वप्नींही नसेल.

यापूर्वींच सर मायकेल सॅडलर यांच्या कमिशनचा तेरा खंडांचा प्रचंड अहवाल १९१९ मध्यें बाहेर आला होता. बंगालमध्यें उच्च शिक्षण घेणारे विद्यार्थी सुमारें २६,००० आहेत, म्हणजे संख्येनें ते इंग्लंडादि बेटांतील विद्यार्थ्यांच्या जवळपास जातात, हें त्यानें दाखविलें. आणि मॅट्रिक व इंटरमीजिएट या परीक्षा विद्यापीठाकडून काढून एका निराळ्या बोर्डाकडे द्याव्या, अशी शिफारस केली. शिक्षणशास्त्राच्या दृष्टीनें ही सूचना निर्दोष होती. तिजबरोबर सरकारनें भरपूर पैसा ओतावा अशीही कमिशनची अपेक्षा होती. पैसा दूरच राहिला, आणि बोर्डाची गोष्ट मात्र निघे. बोर्ड झालें तर मॅट्रिकची फी जाते, आणि फी गेली तर शंभराहून अधिक शिक्षकांच्या चुली थंडावतात, हें सर आशुतोषांस कळत होतें. सेनेटनें मॅट्रिकला घट्ट धरून ठेविलें त्याचें कारण केवळ सत्तेचा लोभ हें नव्हे.

१९२१ सालीं दोन गोष्टी एकदम झाल्या. सर आशुतोष पुनः व्हाइस-चॅन्सेलर झाले, आणि विद्यापीठ हिंदुस्थान सरकारच्या हातून निघून बंगाल सरकारच्या हातीं आलें. व्हाइसरॉयच्या ऐवजीं बंगालचा गव्हर्नर चॅन्सेलर झाला. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनीं आणलेल्या द्विदल राज्यपद्धतींत शिक्षण हें लोकांच्या मंत्र्याकडे आणि तिजोरी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे अशी वांटणी होती. शिक्षणमंत्री प्रभासचंद्र मित्र यांची स्थिति या पद्धतींत मोठी चमत्कारिक होती. एक तर बंगालची तिजोरी रिकामी. मेस्टन निवाड्यानें प्रांताचे वाढते कर मध्यवर्ती सरकारकडे गेलेले. मध्यवर्ती सरकारास द्यावयाचा ६३ लाखांचा वार्षिक हिस्सा तीन वर्षें माफ करून घ्यावा लागला आणि तरीही १९२२ मध्यें कोर्टफी, स्टांप व करमणूक यांवर नवे कर बसवावे लागले. असे कर बसविल्यावर कौन्सिलांतील सभासद विचारणारच कीं, विद्यापीठाची तूट आम्हीं कां भरावी, आणि भरावयाची तर हिशेब कोठें आहे? मित्र यांस सरकारचे हस्तक म्हणून सोडून देणें सोपें आहे. परंतु करदात्यांच्या प्रतिनिधींस उत्तर देण्याची जबाबदारी हिंदी मंत्र्याच्या अंगावर आल्याचा हा पहिलाच काळ होता, हें विसरून चालणार नाहीं.

शिवाय टीका करणारे सारे सरकारी गोटांतले नव्हते. 'मॉडर्न रिव्ह्यू'चे संपादक रामानंद चतर्जी हे निर्भीड व स्वतंत्र बाण्याचे गृहस्थ; त्यांच्या मासिकांतून विद्यापीठाच्या कारभारावर सातत्यानें कोरडे ओढले जात. आणि त्या टीकाकारांत एक नांव महाराष्ट्रास घरगुती झालेलें आहे: जदुनाथ सरकार. १९१९ मध्यें शिवाजीमहाराजांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि रियासतकार सरदेसायांशीं असलेला त्यांचा आजन्म स्नेह सर्वश्रुत आहे. कागदपत्र तपासल्यावांचून एक वाक्य न लिहिणाऱ्या या इतिहासकारास विषयांची भरमसाट वाढ, थोड्या विद्यार्थ्यांसाठीं पुष्कळ लेक्चरर, आणि शिक्षकांच्या निवडींत दिसणारा आप्पलपोटेपणा हीं सहन होत नसत. त्यांची भाषा बोचरी होती. तिच्यांत तथ्य मुळींच नव्हतें असें म्हणण्यास आम्ही तयार नाहीं.

१९२२ पर्यंत तूट पांच लाखांच्या घरांत गेली आणि शिक्षकांचे पगार महिनेच्या महिने थकूं लागले. पगार थकणें म्हणजे काय हें मध्यम स्थितींतील कुटुंबांस समजावून सांगावयास नको. वाण्याचें खातें वाढतें, घरभाडें तुंबतें, मुलीचें लग्न पुढें ढकलावें लागतें, आणि एवढें असून वर्गांत जाऊन काण्ट किंवा पाणिनि सांगावा लागतो. सरकारनें अकौंटंट-जनरलकडून विद्यापीठाचे हिशेब तपासविले. अंदाजपत्रकाची शिस्त नाहीं, एका निधीचा पैसा दुसऱ्याकडे वापरला जातो, पैसा हातीं नसतां खर्चाची बांधिलकी पत्करली जाते, अशा तऱ्हेचे दोष त्यांतून निघाले. मग १९२२ च्या ऑगस्टांत सरकारचें पत्र आलें: अडीच लाख रुपये देऊं, परंतु अटींवर. हिशेबाच्या पद्धतींत सांगितलेल्या सुधारणा कराव्या. जमाखर्चाचा तपशील दरमहा सरकारकडे धाडावा. आर्थिक बोजा पडेल असा नवा विस्तार तूर्त करूं नये. असा त्या अटींचा रोंख होता.

सेनेटनें पत्राचा विचार करण्यास समिति नेमली आणि डिसेंबरांत तिचा अहवाल चर्चेस आला. त्या सभेंत सर आशुतोषांनीं केलेलें भाषण बंगाली लोकांच्या स्मरणांत कोरलेलें आहे. आम्ही हा पैसा घेणार नाहीं, काटकसर करूं, आहे त्यांत भागवूं, सगळ्या बंगालभर दारोदार फिरूं. आमचे शिक्षक उपाशी राहतील परंतु आपलें स्वातंत्र्य विकणार नाहींत. असें सांगून त्यांनीं स्वातंत्र्य हा शब्द पहिल्यानें, दुसऱ्यानें आणि सर्वदा, अशा तीन पायऱ्यांनीं उच्चारला. सेनेटनें अटी नाकारल्या. ज्या सेनेटचे ऐंशी टक्के सभासद सरकारनें नेमावयाचे त्याच सेनेटनें सरकारचा पैसा परत करावा, हा कर्झनच्या कायद्यावर काळानें उगविलेला सूडच म्हणावयाचा. एक गोष्ट मात्र बोलल्याखेरीज राहवत नाहीं. उपाशी राहण्याची प्रतिज्ञा करणारे वक्ते हायकोर्टाचे न्यायाधीश होते आणि उपाशी राहावयाचें होतें तें दीडदोनशें रुपयांवर संसार हांकणाऱ्या लेक्चररांनीं. त्यांच्या घरच्या मंडळींस त्या दिवशीं काय वाटलें असेल, तें कोणी टिपून ठेविलेलें आमच्या पाहण्यांत नाहीं.

अटींचा स्वतंत्रपणें विचार केला तर आमचें मत असें होतें कीं, त्या सर्व सारख्या नव्हत्या. हिशेब चोख ठेवा, ही अट कोणत्याही स्वाभिमानी संस्थेनें न सांगतां पाळावी अशी होती. तीवर रागावण्यांत सेनेटची चूक झाली. झालेल्या खर्चाची तपासणी वर्षअखेरीस करणें ही एक गोष्ट, आणि दरमहा आढावा मागून पुढील पाऊल टाकण्यापूर्वीं परवानगी घ्यावयास लावणें ही अगदीं निराळी. पहिलीनें पैशाचा अपव्यय थांबतो. दुसरीनें कोणता विषय शिकवावा व कोणता नाहीं, हें सचिवालयांतील टेबलावर ठरूं लागतें. हा फरक त्या काळीं कोणास ठाऊकच नव्हता असें नाहीं. खुद्द इंग्लंडांत १९१९ मध्यें विद्यापीठांस पैसा वांटण्यासाठीं एक स्वतंत्र अनुदानसमिति नेमली गेली होती. तिच्यांत विद्वान् मंडळी होती. खजिना एकूण रक्कम देई, समिति ती विद्यापीठांत वांटी, आणि विद्यापीठानें ती कशी खर्चावी यांत मंत्री हात घालीत नसे. ऑक्सफर्ड व केंब्रिज यांच्याकरितां नेमलेल्या आस्क्विथ कमिशनचा अहवालही नेमका १९२२ सालचा. टेम्सच्या कांठीं जी रीत राज्यकर्त्यांस साधी व सभ्य वाटली ती हुगळीच्या कांठीं कोणास सुचली नाहीं. अशी एखादी समिति मध्यें असती तर मंत्र्यास कौन्सिलपुढें उत्तर देतां आलें असतें आणि सेनेटला मानहानि सोसावी लागली नसती.

आतां दुसऱ्या बाजूनेंही विचारलें पाहिजे: ज्या स्वातंत्र्यासाठीं हें सर्व चाललें तें नक्की कोणाचें? नियम पाहिले तर शिक्षकांचें. व्यवहार पाहिला तर तें बरेचसें एका पुरुषाचें होतें. मंडळांतील बहुतेक लेक्चरर सर आशुतोषांनीं हुडकून आणलेले, त्यांच्या नेमणुका मुदतीच्या, आणि मुदत वाढविणारें मंडळ त्यांच्या अध्यक्षतेखालीं भरणारें. असे सभासद अध्यक्षांविरुद्ध हात वर करीत असतील अशी कल्पना करणें कठीण आहे. जे खर्च मंजूर करणार त्यांचेच पगार त्या खर्चांत, हाही एक पेंच होता. आपल्याकडील तुलना सहज सुचते. पुण्यास १८८४ मध्यें निघालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीनें हा पेंच निराळ्या रीतीनें सोडविला होता. तेथेंही शिक्षकच कारभारी. परंतु आजीव सभासदानें वीस वर्षें पाऊणशें रुपयांवर काम करावें असें आधींच ठरलेलें, म्हणून अंदाजपत्रकांत स्वार्थास फारशी जागा उरत नसे. त्यागावर उभारलेल्या या व्यवस्थेसही फाटे फुटले आणि टिळकांनीं १८९० मध्यें संस्था सोडली, तें सर्वांस माहीत आहे. तरी तेथें एकाच्या मतास दुसरा उभ्यानें विरोध करूं शके. कलकत्त्यास विस्तार शतपट मोठा होता, ग्रंथसंपत्ति व संशोधन यांत पुण्याची बरोबरी होण्यासारखी नव्हती. विरोधाची ही संवय मात्र तेथें रुजली नाहीं. आमच्या मतें जदुनाथांसारख्यास बाहेर राहून मासिकांतून लिहावें लागलें, याचें मूळ येथेंच आहे.

शेवटचा प्रसंग १९२३ च्या मार्चांतला. विद्यापीठाची रचना बदलून त्याच्या अर्थकारभारावर सरकारचा हात बसविणारें विधेयक तयार होत होतें आणि सर आशुतोष त्यास जोरानें विरोध करीत होते. त्यांची मुदत संपत आलेली. गव्हर्नर लॉर्ड लिटन यांनीं २४ मार्चच्या पत्रानें त्यांस कळविलें कीं, पुनः नेमणूक करावयास आपण तयार आहों, परंतु विरोध सोडून सरकारशीं सहकार्य करण्याचें वचन पाहिजे. वर्तमानपत्रांतून सरकारविरुद्ध लिहविलें, सॅडलरांकडे व हिंदुस्थान आणि आसाम सरकारांकडे गाऱ्हाणें नेलें, असे ठपकेही त्यांत होते. सर आशुतोषांनीं दोनच दिवसांत लांबलचक उत्तर लिहून एकेक ठपका खोडला आणि अशा अटीवरची नेमणूक आपला अपमान आहे असें सांगून ती झुगारून दिली. हा पत्रव्यवहार प्रसिद्ध झाला तेव्हां, ज्यांनीं विद्यापीठाच्या हिशेबावर महिनोन्महिने टीका केली होती त्यांसही लिटनसाहेबांची बाजू घेणें जड गेलें असेल. सरकारच्या पदरीं असलेला बराचसा न्याय त्या एका पत्रानें सरकारनें घालविला.

नवे व्हाइस-चॅन्सेलर म्हणून भूपेंद्रनाथ बसू आले. सर आशुतोष वर्षअखेरीस हायकोर्टांतून निवृत्त झाले, पुनः वकिली करूं लागले, आणि डुमरावच्या खटल्यासाठीं पाटण्यास गेले असतां २५ मे १९२४ रोजीं तेथेंच वारले. मेघनाद साहा १९२३ मध्येंच अलाहाबादेस निघून गेले होते. रामन राहिले, १९२८ चा त्यांचा शोध आणि १९३० चें नोबेल पारितोषिक हीं कलकत्त्याच्याच मुक्कामांतलीं. सुनीतिकुमारांचा बंगाली भाषेच्या उत्पत्तीवरील महाग्रंथ १९२६ मध्यें विद्यापीठानें छापला. ज्या विस्तारास 'भरमसाट' म्हटलें जाई त्याच्याच एका कोपऱ्यांतून हा ग्रंथ निघाला, हें टीकाकारांच्या खात्यावर मांडून ठेविलें पाहिजे. त्याच साली, १९२६ मध्यें, खुद्द जदुनाथ सरकार यांस सरकारनें व्हाइस-चॅन्सेलर नेमलें. बाहेरून दिसणारे दोष आंत शिरून काढणें किती अवघड असतें याचा अनुभव त्यांस आला; आशुतोषांच्या अनुयायांशीं त्यांचें जमलें नाहीं, आणि दोन वर्षांनीं ते मोकळे होऊन आपल्या मोगल व मराठी कागदांकडे परतले.

पैशाचा प्रश्न मिटला तो आशुतोषांच्या पश्चात्, आणि कोणाचाही पूर्ण जय न होतां. उच्च शिक्षणाची फेरतपासणी करण्यास विद्यापीठानें स्वतःच समिति नेमली, कांहीं खर्च आंवरला, शिक्षकांच्या जागा अधिक स्थिर केल्या, आणि सरकारनें नियमित अनुदान देण्याचें मान्य केलें. मॅट्रिक विद्यापीठाकडे राहिली ती १९५१ पर्यंत. आपल्याकडे मुंबई इलाख्यांत ती दोन वर्षें आधींच गेली आणि १९४९ मध्यें पहिली एस्. एस्. सी. ची परीक्षा झाली. इंग्लंडांतील नमुन्याचें अनुदानमंडळ हिंदुस्थानांत १९५३ मध्यें आलें, १९५६ मध्यें त्यास कायद्याचा आधार मिळाला, आणि त्या वर्षीं त्याचे अध्यक्ष झाले ते अर्थमंत्रिपद नुकतेंच सोडून आलेले चिंतामणराव देशमुख. तिजोरी राखणें म्हणजे काय आणि तिच्या दारीं उभें राहणें म्हणजे काय, हीं दोन्ही ठाऊक असलेला मनुष्य त्या जागेवर प्रथमच बसला होता.